कर्ता, कर्म आणि तिगावचे मूल

नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याजवळ तिगाव आहे. घरी मराठी आणि शाळेत प्रामुख्याने हिंदी, अशी या पट्ट्यातील मुलांची स्थिती आहे. अशा मुलाने वहीत ‘पुस्तक फट गया’ असे लिहिले, की ते चूक ठरते. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, हे खरेच. परंतु मुलाच्या घरी पुस्तक ‘फाटलं’ असते. ते नपुंसकलिंगी आहे. हिंदीत तिसरे लिंगच नसल्याने मूल त्याला पुल्लिंगात बसवते. लिंगानुसार क्रियापद बदलते हा नियम त्याने मोडलेला नाही, उलट पाळलेला आहे. ‘मैं रोटी खाई’ या वाक्याचेही तसेच. मराठीत ‘मी भाकर खाल्ली’ म्हणताना ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून हिंदीतला ‘ने’ सुटतो. क्रियापद मात्र रोटीशी बिनचूक जुळलेले असते.

ही जुळणी मुलांना शिकवावी कशी, हा प्रश्न मराठी व्याकरणाइतकाच जुना आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले. मांडणीत त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्याच मागे चालते. मराठीत तेवढ्याने भागत नाही. पोराने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोर खाल्ले: कर्ता एकच, क्रियापदाची रूपे तीन. त्यासाठी संस्कृत परंपरेतील प्रयोगविचार मराठीला लावावा लागला आणि कर्तरी, कर्मणी, भावे हे त्रिकूट शाळेत रुजले. तरीही भाषा त्या चौकटीत पुरती मावली नाही. ‘तू भाकर खाल्लीस’ या वाक्यात लिंग भाकरीचे आणि शेवटचा ‘स’ ‘तू’चा! या रूपाला व्याकरणकारांना ‘कर्तृ-कर्मसंकर’ असे भारदस्त नाव द्यावे लागले. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ची पाने चाळताना आम्हांस नेहमी वाटते, की एवढ्या खटाटोपाने सिद्ध होणारी गोष्ट चार वर्षांचे मूल जेवताना सहज बोलून जाते. ‘प्रयोग ओळखा’ या प्रश्नाने मात्र पुढे तेच मूल घाबरते.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांवर हिंदीचा भार पडला त्याला राजकीय कारण आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यासोबत हा मराठी पट्टा, नव्या मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्याआधी, 1905 मध्ये, ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड निघाला होता. छिंदवाड्याच्या दक्षिण भागातील ही बोली त्यात नागपुरीखाली नोंदलेली आहे. बोलीची नोंद झाली, पण ती बोलणाऱ्या मुलाला हिंदीचे लिंग कसे शिकवावे हा प्रश्न शिक्षकाकडेच राहिला.

त्या शिक्षकाला आमची एक सूचना आहे. लाल शाईची रेघ मारण्यापूर्वी मुलाला ते वाक्य घरच्या बोलीत म्हणावयास सांगावे, आणि ‘फाटलं’ व ‘फट गई’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे. कोणते अक्षर कशामुळे बदलले, हे मग मुलालाच विचारावे.