गोव्याचे नाव, बाहियाचे झाड

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत नायट्यावर एक जालीम औषध मिळे. पिवळसर तपकिरी रंगाची पूड, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून लावायची. कातडी चुरचुरे, लाल होई, मग तपकिरी पडे. कपड्याला लागले तर जांभळट डाग कायमचा. डोळ्याला चुकून बोट लागले तर डोळा सुजून लाल. पण गजकर्ण जाई, आणि गिऱ्हाईक पुन्हा येई. जांघेतल्या नायट्याला इंग्रजांनी ‘धोबी इच’ म्हणून त्याचे खापर आधीच परटाच्या माथी फोडले होते. आता त्यावरच्या औषधाचे डागही त्याच्याच घाटावर आले.

पूड गोव्याकडून येई, म्हणून तिचे नाव ‘गोवा पावडर’. ती कशापासून होते ते विकणारे सांगत नसत, आणि पुष्कळांना ते ठाऊकही नसावे. १८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी तिची माहिती इंग्रज औषधव्यावसायिकांपुढे मांडली. तेव्हाही मुळाविषयी नुसते तर्कच चालले होते. पुढे दहा वर्षांनी, १८७४ मध्ये, कलकत्त्यात दीर्घकाळ डॉक्टरी केलेल्या जोसेफ फेअरर यांनी लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात या पुडीवर लिहिले. उलगडा झाला तो या लेखामुळे, आणि तोही भारतात नाही.

ब्राझीलमधल्या बाहियात जुझे फ्रान्सिस्कु दा सिल्वा लिमा नावाचे पोर्तुगीज वंशाचे डॉक्टर होते. फेअररांचे वर्णन वाचून त्यांनी १८७५ मध्ये कळवले की ही तर आमच्याकडची ‘अरारोबा’. बाहियाच्या जंगलातल्या एका उंच झाडाच्या बुंध्यात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांत ही पूड साठते. झाड जितके जुने तितकी पूड जास्त. ती काढायची तर झाड पाडायचे, ओंडके करायचे आणि खरवडायचे. उडालेल्या धुळीने मजुरांचे डोळे आणि चेहरे होरपळत. काजू, पपई, अननस ज्या पोर्तुगीज जलमार्गांनी इकडे आले, त्यांनीच हीही आली असणार. गोव्याने त्या पुडीला दिले ते फक्त नाव, आणि अर्थातच गिऱ्हाईक.

रसायनशास्त्रज्ञही एकदा फसले. लंडनच्या जॉन अ‍ॅटफिल्ड यांना पुडीत मुख्यतः क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचे वाटले. १८७८ मध्ये लीबरमान आणि झायड्लर यांनी दाखवले की मूळ द्रव्य वेगळे आहे. हवेशी संयोग होऊन त्यापासून ते आम्ल बनते. या मूळ द्रव्याला क्रायसारोबिन म्हणू लागले. गंमत अशी की त्याच कुळातली द्रव्ये आपल्या टाकळ्याच्या बियांतही असतात. पावसाळ्यात रानोमाळ माजणाऱ्या या झुडपाचे बी वाटून नायट्यावर लावायची रीत जुनीच, आणि संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात. म्हणजे ज्याच्यासाठी लोक सातासमुद्रापलीकडच्या पुडीचे पैसे मोजत होते, त्याचा सौम्य भाऊबंद परसदारी उभा होता.

पुडीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती एका चुकीमुळे. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांच्याकडच्या एका रुग्णाला सोरायसिस होता, पण तो नायटा समजून गोवा पावडर लावत होता. चट्टे गेले! स्क्वायर यांनी मग त्या द्रव्याचे मलम सोरायसिसवर वापरून १८७८ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला बाहियाचा माल मिळेनासा झाला. तेव्हा क्रायसारोबिनमधला एक मिथाइल गट वगळलेले कृत्रिम द्रव्य तिथे तयार झाले. १९१६ मध्ये गालेव्स्की आणि हाम्बुर्गचे उन्ना यांनी ते वैद्यकात आणले. आज त्यालाच डिथ्रॅनॉल म्हणतात आणि सोरायसिसच्या उपचारात ते अजून आहे.

इसब मात्र या पुडीच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटले. ओल्या, पाझरणाऱ्या इसबावर असले दाहक औषध म्हणजे आगीत तेल. त्यासाठी झिंक ऑक्साइड, स्टार्च आणि व्हॅसलीनचे लासार मलम होते, डांबराचे लेप होते, आणि खाज सोसण्याची तयारी होती. चित्र पालटले १९५२ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबाच्या रुग्णांवर यशस्वी ठरल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या दशकात त्याहून कितीतरी जोरकस बीटामेथासोन आले. ना आग, ना डाग, ना वास. दोन दिवसांत खाज शांत. असे औषध घरोघर पोचायला वेळ लागत नाही.

आणि मग स्क्वायरच्या रुग्णाची चूक उलट्या दिशेने होऊ लागली. त्याने सोरायसिसला नायटा समजले. आता नायट्याला इसब समजून स्टेरॉइड लावले जाते. लाली उतरते, खाज थांबते, नायट्याची बुरशी मात्र खाली आरामात पसरते. कडा पुसट झालेल्या, ओळखू न येणाऱ्या अशा नायट्याचे वर्णन लंडनमध्ये १९६८ मध्येच झाले होते. भारतात मात्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये भरलेली मलमे वर्षानुवर्षे मेडिकलच्या दुकानात नुसते बोट दाखवून मिळत राहिली. डोळे मिटून गोवा पावडर घेणाऱ्यापाशी ट्यूबवर छापलेली नावे नव्हती, एवढाच फरक. त्वचारोगतज्ज्ञांनी सतत आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’ मध्ये घातली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

दोनच वर्षांनी जपानमधल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवरून टर्बिनाफिन या बुरशीनाशकाला दाद न देणारी नायट्याची बुरशी वेगळी केली. तिचे नाव ठेवले ट्रायकोफायटन इंडोटिनी.