मानेतले चार दाणे

पॅराथायरॉइड ग्रंथी पहिल्यांदा टिपली गेली ती माणसात नाही, गेंड्यात. आणि तोही आपला एकशिंगी! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला हा गेंडा १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक पिवळसर गोळा त्यांना दिसला. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली स्वीडनमधल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने केलं. बहुतेकांना चार असतात, मसुरीच्या दाण्याएवढ्या. काम रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. पण एखादी फुगली की हाडांतलं कॅल्शियम उपसत सुटते. मग हाडं ठिसूळ आणि मुतखड्यांवर मुतखडे.

नातेवाईक मंडळींना आता कळलंच असेल मी हे का लिहितोय ते. आमच्या मंचरच्या मावशीचे मुतखडे दोनदा काढले, पण कॅल्शियम तपासावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. तिसऱ्या वेळी तपासलं आणि निदान झालं. आता प्रश्न, चारांतली कुठली? काका म्हणाले, "हे तर उसातला बिबट्या शोधण्यासारखंच झालं की!"

प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची हाडं खचून उंची जवळजवळ १८ सेंटिमीटरने घटली होती. १९२६ ते १९३२ या काळात त्याच्यावर सात शस्त्रक्रिया झाल्या. मानेत पुन्हा पुन्हा शोधूनही दोषी ग्रंथी सापडेना. शेवटी सापडली ती छातीत! गंमत अशी की ग्रंथींची खालची जोडी गर्भात वरच्या जोडीच्याही वर तयार होते आणि थायमसबरोबर खाली उतरते. कधी कधी थांबायचं विसरते.

आज आधी चित्र काढतात. सेस्टामिबी हे औषध मुळात हृदयासाठी होतं. १९८९ मध्ये लक्षात आलं की फुगलेली पॅराथायरॉइडही ते धरून ठेवते. त्याला जोडलेल्या किरणोत्सारी टेक्नेशियमचा अर्धायुष्यकाळ ६ तासांचा. टोचल्यावर थोड्या वेळाने एक चित्र, दोनेक तासांनी दुसरं. तोवर थायरॉइड विझत जाते आणि ठिपका उरतो. पण हा काही फोटो नव्हे. आपल्या खोडदच्या ३० रेडिओ दुर्बिणींच्या चित्रासारखंच हेही वाचायला शिकावं लागतं. थायरॉइडची गाठसुद्धा तसाच ठिपका दाखवते, आणि लहान ग्रंथी दिसतच नाही.

म्हणून जाणता सर्जन नुसत्या अहवालावर न थांबता चित्र स्वतः बघतो. अहवालात लिहिलेलं असतं, 'थायरॉइडच्या खालच्या टोकाशी'. त्याचा प्रश्न असतो, किती खोल? कारण वरची ग्रंथी जड झाली की अन्ननलिकेशेजारून मागच्या मागे घसरते, आणि समोरून पाहिलं तर खालचीच वाटते. दोघींच्या मधून आवाजाची नस जाते. खालची सहसा नसेच्या पुढे, वरची मागे. म्हणजे वाट चुकली तर आवाजाशी गाठ! सोनोग्राफी, सीटी जोडीला घेतात ते याचसाठी.

मावशीची ग्रंथी नेमकी अशीच घसरलेली निघाली, वरची. आवाज शाबूत आहे (काकांना विचारा!). नंतर काही दिवस बोटांना मुंग्या येत होत्या. रिकामी झालेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात, त्याला डॉक्टर 'भुकेली हाडं' म्हणतात. मार्टेलचंही कॅल्शियम शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर असंच घसरलं होतं. पण त्याची मूत्रपिंडं तोवर कामातून गेली होती, आणि काही आठवड्यांतच तो वारला. मावशीच्या गोळ्या अजून चालू आहेत.