अल्पछेद कणा-शस्त्रक्रिया

अल्पछेद कणा-शस्त्रक्रिया : पाठीचे स्नायू हाडापासून न सोलता, लहान छेदातून मणक्यापर्यंत पोहोचून केलेली शस्त्रक्रिया. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी काढणे, अरुंद झालेला मज्जामार्ग मोकळा करणे आणि काही वेळा मणके स्क्रूने जोडणे यांसाठी ती करतात.

सरकलेल्या गादीने नस दबून सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, होऊ शकतो, हे बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर अनेक दशके गादीचा जेमतेम बोराएवढा तुकडा काढण्यासाठी पाठ लांबवर उघडली जाई. नस सुटे, पण सोललेल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून ते कमकुवत होत. १९७५ मध्ये जपानच्या हिजिकाता यांनी त्वचेतून नळी सरकवून गादीचा भाग काढला. १९७७ मध्ये याशारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाखालील पद्धती स्वतंत्रपणे मांडल्या. १९९७ मध्ये अमेरिकेत फोली व स्मिथ यांनी नळी आणि एंडोस्कोप (शरीराच्या आत पाहण्याची बारीक दुर्बीण) यांची सांगड घातली.

नळीच्या पद्धतीत सी-आर्म क्ष-किरण यंत्रावर नेमका मणका निश्चित करतात. मग एकीवर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवतात. स्नायूंचे तंतू कापले न जाता बाजूला होतात. शेवटच्या, सुमारे दोन सेंटिमीटर रुंद नळीतून काम चालते. एंडोस्कोपचा छेद त्याहून लहान असतो आणि आत सतत सलाइन वाहते ठेवतात. बाजूने शिरताना पार्विझ कॅम्बिन यांच्या नावाने ओळखला जाणारा, नसेलगतचा त्रिकोणी भाग वाट देतो. एंडोस्कोपची ही शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊनही होते. जागा रुग्ण पायात कळ आल्याचे लगेच सांगतो, आणि नस वाचवण्यासाठी ही सूचना मोलाची ठरते.

त्वचेवरचा व्रण लहान म्हणून निकाल सरस, असे मात्र नाही. नेदरलँड्समधील २००९ च्या चाचणीत नळीची पद्धत सूक्ष्मदर्शकाच्या रूढ पद्धतीहून वर्षअखेर सरस ठरली नाही. पाय व पाठीच्या दुखण्यात ती किंचित मागेच राहिली. नळीतून मज्जावरण फाटल्यास टाका घालणे अवघड जाते, शल्यचिकित्सकाला सराव जास्त लागतो आणि क्ष-किरणांचा संपर्कही वाढतो. म्हणून रुग्णाची निवड हाच या शस्त्रक्रियेचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानायला हवा. सायटिकाच्या बहुतेक रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतार पडतो. मात्र लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.