ऊसतोडणी मजुरी आणि न्याय्य व्यापार : धारूर तालुका

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातून दर गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे होणारे मजुरांचे स्थलांतर, त्यांच्या मजुरीची रीत आणि जागतिक बाजारातील न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्रांशी तिचा असलेला संबंध यांविषयीची नोंद.

पार्श्वभूमी : किल्ले धारूर हे बालाघाटाच्या रांगेतील जुने ठाणे. किल्ला आदिलशाही काळातला; मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. डोंगरपट्ट्यातील जमीन हलकी आणि मुरमाड, शेती पावसावर अवलंबून; मुख्य पिके कापूस, सोयाबीन, बाजरी आणि तूर. सुगी आटोपली की गावात काम उरत नाही. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची साखळी उभी राहिली. त्यांना लागणारे हात कोरडवाहू मराठवाड्याने पुरवले. 1972 च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. तालुक्याच्या शेजारी माजलगाव धरणाच्या पाण्यावर ऊस होतो आणि तेलगावला सहकारी कारखानाही आहे. तरीही डोंगरपट्ट्यातील कुटुंबे सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटकडे जातात.

मजुरीची रीत : मोजमापाचे एकक ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, सहसा मिळत नाही, मिळाली तर अर्ध्या कोयत्याची. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराला, पैसे देतो आणि मुकादम दसऱ्याच्या आगेमागे टोळी बांधून प्रत्येक कोयत्याला उचल देतो. वाहतुकीनुसार गाडी सेंटर, डोकी सेंटर, टायरगाडी आणि ट्रॅक्टर टोळी असे प्रकार आहेत. फडात पुरुष बुडख्यातून ऊस तोडतो. बाई पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडी भरते. वाहन रात्री आले तर भरणीही रात्रीच होते. गाडीवान वाढे (उसाचे शेंडे) बैलांना घालतात, उरलेले विकतात. मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतो. आजारपणात काम बुडाले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात.

हिशेब असा : एका कोयत्याने एक लाख रुपये उचलले, तर 2024 मध्ये ठरलेल्या टनाला 367 रुपये दराने ते फेडायला 270 टनांहून अधिक ऊस तोडावा लागतो. जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरले, तरी साडेचार महिने एकही खाडा न होता काम चालले पाहिजे. पाऊस, आजारपण, बाळंतपण किंवा कारखाना लवकर बंद होणे यांपैकी काहीही आडवे आले की उचल फिटत नाही. बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि मजूर त्याच मुकादमाशी बांधला जातो.

दर व करार : तोडणीचे दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील कराराने ठरतात. करार रखडला की ‘कोयता बंद’ आंदोलन होते. या आंदोलनांशी बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे या नेत्यांची नावे जोडलेली आहेत. ऑक्टोबर 2020 च्या करारात सरासरी 14 टक्के वाढ मिळाली. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादाने 34 टक्के वाढ ठरवली. दर टनामागे सुमारे 274 रुपयांवरून सुमारे 367 रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन एक टक्क्याने वाढले. उसाचा रास्त व किफायतशीर भाव (एफआरपी) 2024-25 च्या हंगामात क्विंटलला 340 रुपये, म्हणजे टनाला 3,400 रुपये होता. हा भाव केंद्र सरकार 2009 पासून ठरवते. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून वजा होत असल्याने मजुरी वाढली की भार शेतकऱ्यावर पडतो. त्यामुळे दोन गरजू घटक एकमेकांसमोर उभे राहतात.

स्त्रिया व मुले : बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. कारणांबाबत मतभेद आहेत. फडात शौचालय व विश्रांती नसणे, खाड्याची धास्ती आणि खासगी दवाखान्यांचा सल्ला यांकडे बोट दाखवले जाते. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे.

कल्याण महामंडळ : ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. त्याच्या निधीसाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून 10 रुपये घ्यायचे असे ठरले आहे.

न्याय्य व्यापार : उत्पादकांना रास्त मोबदला मिळावा म्हणून मालाला प्रमाणपत्र देणारी ही चळवळ उसाच्या मजुरापर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासाठी तिच्या एका ठळक पिकाशी, केळीशी, तुलना उपयोगी ठरते. घानातील केळी 1996 मध्ये न्याय्य व्यापाराच्या शिक्क्यासह युरोपात गेली. 18.14 किलोच्या खोक्यामागे एक डॉलर अधिमूल्य (भावाखेरीजची जादा रक्कम) उत्पादकांच्या सामाईक खात्यात जमा होते, शिवाय किमान भावाची हमी असते. केळीच्या मळ्यांवरील पगारी मजूरही या चौकटीत येतात. 2021 पासून त्यांच्यासाठी किमान आधार-वेतनाची अट आहे. साखरेचे नियम वेगळे आहेत. अधिमूल्य टनाला 60 डॉलर, पण किमान भाव नाही. आणि प्रमाणपत्र लहान ऊस उत्पादकांच्या संघटनांना मिळते. बेलीझ आणि फिजीतील शेतकऱ्यांना त्याचा लाभ झाला. 2017 मध्ये युरोपीय संघाने बीट साखरेवरील कोटा उठवल्यावर न्याय्य व्यापाराच्या साखरेची मागणी घसरली.

‘बॉनसुक्रो’ हे उसासाठीचे दुसरे प्रमाणपत्र भारतातील काही कारखान्यांकडे आहे. मार्च 2024 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातील उचल, बालविवाह आणि गर्भाशय शस्त्रक्रिया यांचा संबंध बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांच्या साखर खरेदीशी जोडून दाखवला, तेव्हा अशा प्रमाणपत्रांसाठी होणाऱ्या तपासणीच्या मर्यादा उघड झाल्या.

मूल्यमापन : अधिमूल्य कसे खर्चावे हे ऊस पिकवणाऱ्यांची सभा ठरवते. त्या सभेत धारूरच्या मजुराला जागा नाही, कारण तो ऊस पिकवत नाही आणि कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतो. केळीच्या मळ्यातील मजूर पटावर असतो, म्हणून नियम त्याच्यापर्यंत पोहोचतो. साखरेचा व्यापार न्याय्य म्हणवून घ्यायचा असेल, तर तपासणी फडावर न थांबता उचल वाटली जाते त्या गावापर्यंत गेली पाहिजे. तोडणाऱ्या बाईचे नाव मजुरीच्या पावतीवर नवऱ्याच्या नावाशेजारी स्वतंत्रपणे यावे आणि उचलीचा लेखी हिशेब कोयत्याच्या हाती असावा, या दोन अटी पहिल्या ठराव्यात.