कल्याणच्या गाडीचा ब्रेक

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी कित्येक मराठी घरांची पहिली गाडी. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पावसात पाणी शिरले की त्यांची पकड सैल व्हायची.

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. १९५३ साली ल माँची शर्यत जिंकून जग्वारने तो गाजवला. १९९०च्या दशकात आमच्या कल्याण-डोंबिवलीत प्रीमियरने प्यूजो ३०९ बांधली, तिच्या पुढच्या चाकांना हाच ब्रेक होता. पुढे ती भागीदारी मोडली, गाडी बंद झाली. मालक मात्र सुट्या भागांच्या शोधात राहिले.

अशा वेळी झिजलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा बसवण्याचा मोह होतो. पण डिस्क पातळ झाली की लवकर तापते, तिला तडे जाऊ शकतात. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याखाली गेली की दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनेच बदलाव्यात, पॅडही नवे घालावेत. पेडल थरथरले, तर लगेच तपासून घ्यावे. कारखाना बंद पडला तरी तो आकडा रद्द होत नाही, असे मला वाटते.