पंचाची नजर बंदुकीवर

कोपरगावच्या कॉलेजांतली एनसीसीची मुलं शिबिरात .22 रायफल घेऊन पालथी पडतात, 25 मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडतात आणि लगेच हुकूम येतो, 'खाली कर'. मागोमाग 'निरीक्षण के लिए जाँच शस्त्र'. बोल्ट मागे, चेंबर उघडं. उस्ताद एकेका रायफलीत डोकावत पुढे सरकतो. मुलांचा जीव कागदात अडकलेला असतो. किती लागल्या, ग्रुप केवढा आला? उस्तादाचं तिकडे लक्षही नसतं. गोळी कुठे लागली यापेक्षा आत एखादी राहिली तर नाही ना, हे त्याला आधी बघायचं असतं. नेमबाजीतल्या पंचाचं कूळ शोधत मागे गेलं तर पहिल्यापासून हीच काळजी दिसते.

ब्रिटनमध्ये 1859 साली नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. पुढच्याच वर्षी, जुलै 1860 मध्ये, लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर तिची पहिली मोठी स्पर्धा भरली. राणी व्हिक्टोरियाने टेकूवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून 400 यार्डांवर पहिली गोळी झाडली. त्या काळी लक्ष्य म्हणजे रंगवलेले लोखंडी पत्रे असत. गोळी बसली की रंग उडे. जवळच आडोशाला बसलेला माणूस निशाणं दाखवून गुण कळवी आणि अधूनमधून बाहेर येऊन पत्रा पुन्हा रंगवी. तो बाहेर असताना कोणी घोडा ओढला तर? म्हणून आधी लाल निशाण वर जायचं आणि ते खाली येईपर्यंत सगळ्या बंदुका गप्प. आपल्याकडे लष्करी मैदानांवर लाल निशाण दिसलं की उलट समजायचं : आत गोळीबार चालू आहे, लांब राहा. नगरजवळच्या के. के. रेंजच्या आसपासच्या गावांना हे सांगावं लागत नाही. अर्थ वेगळा, पण माणूस आणि गोळी एका वेळी एका जागी येऊ नयेत, हे काम तेच.

ही व्यवस्था शंभर वर्षं पुरली, कारण नेमबाज जागचा हलत नव्हता. एक रेषा, तिच्या मागे सगळे, पुढे फक्त लक्ष्य. विसाव्या शतकात ही रेषाच मोडली.

1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्याने पिस्तुलाच्या वेगळ्याच स्पर्धा सुरू केल्या. दोघे शेजारी उभे राहायचे, इशारा झाला की म्यानातून पिस्तूल काढायचं आणि समोरचा फुगा आधी फोडेल तो जिंकला. पुढे त्यात पळणं आलं, आडोशामागून झाडणं आलं, धावता धावता मॅगझीन बदलणं आलं. 1975 साली झुरिकला पहिली जागतिक स्पर्धा झाली. 1976 च्या मे महिन्यात अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी निरनिराळ्या देशांतले नेमबाज जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. कूपर पहिले अध्यक्ष झाले. प्रॅक्टिकल शूटिंग या खेळाची घटना तिथे ठरली.

आता भरलेलं पिस्तूल हातात घेऊन माणूस पळणार. त्याच्यावर लक्ष ठेवायला निशाण काय कामाचं? म्हणून पंचच नेमबाजाच्या पाठोपाठ पळू लागला. हातभर अंतरावर, थोडा मागे, हातात टायमर. पहिल्या काळात स्टॉपवॉच आणि शिट्टीवर भागवत. नंतर गोळीचा आवाज टिपून वेळ नोंदणारं इलेक्ट्रॉनिक टायमर आलं आणि वेळेवरून होणारे निम्मे वाद मिटले. पण पंचाचे डोळे टायमरवरही नसतात आणि लक्ष्यावरही नसतात. ते असतात नळीच्या तोंडावर आणि घोड्याजवळच्या बोटावर. पळताना किंवा मॅगझीन बदलताना बोट घोड्याच्या कडीबाहेर हवं. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे हवी, डावी-उजवीकडे नव्वद अंशांपलीकडे गेली की 'स्टॉप', आणि तो नेमबाज पूर्ण स्पर्धेतून बाद. मग तो विश्वविजेता असो की पहिल्यांदा आलेला पोर.

पिस्तूल हातातून पडलं तर काय करायचं, हा नियम मला या सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. पडती वस्तू झेलायला किंवा चटकन उचलायला हात आपोआप जातो आणि नेमका तेव्हाच घोडा दाबला जातो. म्हणून नेमबाजाने त्याला हातच लावायचा नाही. पंच ते उचलतो, रिकामं करतो, मगच परत देतो. खेळी संपली की प्रत्येकाला गोळ्या काढून रिकामं चेंबर पंचाला दाखवावं लागतं, घोडा रिकामा सोडून पिस्तूल म्यानात घालावं लागतं. त्यानंतरच 'रेंज इज क्लिअर' ही हाक ऐकू येते. त्याआधी लक्ष्याकडे एक पाऊलही टाकायचं नाही.

न्यायाची बाजूही अशीच हळूहळू घडली. नुसता वेग मोजला तर माणूस अंदाधुंद झाडेल, नुसती अचूकता मोजली तर खेळ रेंगाळेल. कॅलिफोर्नियातल्याच वॉल्ट कॉमस्टॉक यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत गुणांना वेळेने भागते. 60 गुण 12 सेकंदांत घेतले तर भागाकार 5, आणि 54 गुण 9 सेकंदांत घेतले तर 6. कमी गुणांचा पुढे जातो, पण गोळी चुकली तर दंडाचे गुण वजा होतात, म्हणून घाई अंगाशी येते. खेळीची माहिती लिहिलेली असते आणि प्रत्येक गटाला तीच वाचून दाखवतात, कुणाला जादा शब्द नाही. गुण नोंदून होईपर्यंत लक्ष्याला कोणी शिवायचं नाही. निकाल पटला नाही तर नेमबाज वरच्या पंचाकडे, तिथून रेंज मास्टरकडे आणि शेवटी लवादाकडे जाऊ शकतो.

आपल्याकडे नेमबाजीची राष्ट्रीय संघटना 1951 साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. सभागृहात दोन्ही बाजूंना सारख्याच नियमाने वागवणारा माणूस या खेळाच्या मुळाशी असावा, याचं मला मोल वाटतं. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. आपल्या मातीतले नेमबाज जगभर गेले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. पंचांची नावं मात्र कुणाच्या तोंडी नसतात. पुण्याचे प्रशिक्षक पवन सिंग टोकियो ऑलिंपिकच्या ज्यूरीत होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता शालेय स्पर्धांमुळे तालुक्याच्या गावांतही एअर रायफल पोचली आहे. दहा मीटरची रेंज एका हॉलमध्ये बसते, आणि छर्रा लहान म्हणून काळजीही लहान होते. तसं करू नका. त्या छऱ्याने डोळा जातो. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर रायफलीलाही चेंबर रिकामं आहे हे दाखवणारा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग लागतोच. कोपरगाव परिसरातल्या ज्या शाळा रेंज उभारायच्या विचारात असतील, त्यांच्या संस्थाचालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे : रायफली आणि टार्गेटची यंत्रं मागवण्याआधी एक माणूस रेंज ऑफिसर म्हणून शिकवून तयार करा, आणि तो 'स्टॉप' म्हणाला की मुख्याध्यापकांनीही थांबायचं, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा.