होमगार्ड, ब्रिटिश
दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) ब्रिटनच्या भूमीच्या संरक्षणार्थ उभारलेले बिनवेतनी स्वयंसेवकांचे सशस्त्र दल. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) लढलेले, परंतु वयोमानामुळे खड्या सैन्यात पुन्हा सामावून घेता न येणारे माजी सैनिक हा या दलाचा कणा होता. निवृत्त सैनिकांनी स्वेच्छेने रणक्षेत्रावरील सैन्यास पूरक ठरण्याचे हे आधुनिक काळातील एक ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : निवृत्त सैनिकांवर पहाऱ्याची कामे सोपवून तरुण सैनिकांना आघाडीसाठी मोकळे करण्याची कल्पना ब्रिटनमध्ये नवी नव्हती. १९३६ मध्ये मध्यम वयाच्या माजी सैनिकांच्या संरक्षक तुकड्या प्रादेशिक सेनेच्या अंतर्गत स्थापन करण्यात आल्या होत्या. तथापि त्यांची व्याप्ती मर्यादित होती. १० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंड व बेल्जियमवर आक्रमण केले आणि हवाई छत्रीधारी सैनिकांचा प्रभावी उपयोग केला. तसेच सैनिक ब्रिटनमध्येही उतरतील, ही भीती त्यामुळे बळावली. ठिकठिकाणी लोक आपण होऊन गस्ती पथके उभारू लागले. अशा अनियंत्रित पथकांना शासकीय चौकटीत आणणे आवश्यक झाले.

स्थापना : युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी १४ मे १९४० रोजी नभोवाणीवरून १७ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांना ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स’ या दलात नाव नोंदविण्याचे आवाहन केले. नोंदणी पोलीस ठाण्यांवर होई. जुलैअखेर स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांवर गेली. त्यांत पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे प्रमाण मोठे होते. बोअर युद्धात (१८९९–१९०२) लढलेलेही काही होते. प्रारंभी दलात हुद्दे नसल्यामुळे निवृत्त सेनाधिकारी साध्या स्वयंसेवकाच्या नात्याने पहारा देत. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या आग्रहावरून जुलै १९४० मध्ये दलाचे ‘होमगार्ड’ असे नामांतर झाले. जर्मन प्रचारयंत्रणेने या स्वयंसेवकांना बेकायदा बंडखोर ठरविण्याची धमकी दिली होती. त्यामुळे ते राजाच्या सशस्त्र दलांचे घटक आहेत, हे गणवेश व दंडपट्टी यांद्वारे स्पष्ट करणे महत्त्वाचे ठरले.

शस्त्रे व प्रशिक्षण : डंकर्कहून सुमारे ३,३८,००० सैनिक सुखरूप परतले (मे-जून १९४०); परंतु त्यांची बहुतेक अवजड शस्त्रसामग्री फ्रान्समध्येच राहिली. उपलब्ध शस्त्रे प्रथम खड्या सैन्यास देणे क्रमप्राप्त असल्याने होमगार्डच्या वाट्यास शिकारी बंदुका व घरगुती पेटते बाँब आले. पुढे अमेरिका व कॅनडा येथून जुन्या रायफली मिळाल्या. १९४१ मध्ये नळीला संगीन जोडून बनविलेले भाले पुरविण्यात आले, तेव्हा स्वयंसेवकांत संताप व उपहास यांची लाट उसळली.

जुन्या सैनिकांच्या अनुभवामुळे दलास कवायत, नेमबाजी व शिस्त यांचे आयते शिक्षक लाभले. तथापि त्याच अनुभवाची दुसरी बाजूही होती. खंदकयुद्धात मुरलेल्या अनेकांचा कल स्थिर मोर्चेबांधणीकडे होता, तर रणगाड्यांच्या वेगवान युद्धास निराळे तंत्र हवे होते. स्पेनच्या यादवी युद्धातील अनुभवी टॉम विंट्रिंगम यांनी जुलै १९४० मध्ये लंडनजवळील ऑस्टर्ली पार्क येथे गनिमी युद्धाचे प्रशिक्षण सुरू केले. ते लोकप्रिय ठरले. परंतु त्यांचे डावे राजकीय विचार सेनाधिकाऱ्यांना मानवणारे नव्हते आणि लवकरच ही शाळा युद्धखात्याने ताब्यात घेतली.

कार्य : पूल, रेल्वेमार्ग, कारखाने व किनारे यांवर पहारा, तसेच हवाई हल्ल्यानंतरचे मदतकार्य ही दलाची प्रमुख कामे होती. स्वयंसेवक दिवसा आपला व्यवसाय करून रात्री पहाऱ्यावर जात. १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये उतरलेला नाझी नेता रूडॉल्फ हेस प्रथम होमगार्डच्याच ताब्यात देण्यात आला. १९४२ पासून विमानविरोधी तोफा व अग्निबाण चालविण्याचे काम दलाकडे आले. त्यात पुढे एक लाखाहून अधिक जण गुंतले. त्याच वर्षी आवश्यक तेथे सक्तीची भरती सुरू झाली व राजीनाम्याची मुभा गेली. परिणामी दलाचे स्वयंसेवी स्वरूप बरेचसे लोपले आणि तरुणांची भरती वाढली. १९४३ मध्ये संख्या सुमारे १८ लाखांपर्यंत पोहोचली. कर्तव्य बजावताना बाराशेंहून अधिक सदस्य मृत्युमुखी पडले; दोघांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. ३ डिसेंबर १९४४ रोजी दलाचे कार्य थांबविण्यात आले आणि ३१ डिसेंबर १९४५ रोजी ते विसर्जित झाले.

मूल्यमापन : जर्मन आक्रमण झालेच नाही, त्यामुळे दलाच्या युद्धक्षमतेची कसोटी लागली नाही. दूरचित्रवाणीवरील ‘डॅड्स आर्मी’ (१९६८–७७) या विनोदी मालिकेमुळे वृद्धांची हास्यास्पद पलटण अशी त्याची प्रतिमा रूढ झाली. ती एकांगी आहे. होमगार्डचे खरे मोल त्याने शत्रूचे किती सैनिक मारले यावर ठरत नाही. पहाऱ्याच्या कामातून प्रशिक्षित सैन्य मोकळे झाले व त्यास उत्तर आफ्रिका, इटली आणि नॉर्मंडी येथील मोहिमांसाठी सिद्ध होता आले, हे त्याचे प्रमुख फलित होय.

भारतात मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये होमगार्ड संघटना स्थापन झाली. नाव तेच असले, तरी पोलिसांना व नागरिकांना साहाय्य करणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते. चिनी आक्रमणानंतर (१९६२) ती अन्य राज्यांतही एकाच धर्तीवर संघटित करण्यात आली.